लस गेली, दाखला राहिला

मला कशाची किळस येत नाही, असं आमच्या घरात सगळे सांगतात. तेहतीस वर्षं मी परळच्या एका मोठ्या इस्पितळात नर्स होते. पू, रक्त, उलट्या, बेडपॅन, सगळं केलं आणि हात धुऊन डबा खाल्ला. माणसाच्या शरीरातून जे बाहेर येतं, त्याची शिसारी मला खरंच कधी आली नाही. शिसारी म्हणजे काय ते कळलं निवृत्त झाल्यावर, दादरच्या एका चकचकीत, एसी लावलेल्या दवाखान्यात. तिथे फरशीवर पाण्याचा थेंबसुद्धा पडलेला नसायचा.

निवृत्तीनंतरचे सहा महिने मी भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत काढले. डबे घासून झाले, माळा दोनदा आवरून झाला. शेवटी नवराच म्हणाला, "गो, खंय तरी कामाक लाग, नायतर माका येड लागात." तेव्हा जुन्या ओळखीतून हे काम मिळालं. दवाखाना फक्त लसींचा होता. परदेशी शिकायला जाणारी मुलं, फिरायला जाणारी जोडपी, यात्रेला निघालेली म्हातारी माणसं असे लोक तिथे यायचे. डॉक्टर चाळिशीतले, बोलायला मऊ, अत्तर लावणारे. काउंटरवर विरारहून येणारी एक मुलगी होती. टोचायचं, रजिस्टर लिहायचं आणि सकाळ-संध्याकाळ फ्रीजचं तापमान तक्त्यावर मांडायचं, ही माझी कामं.

सगळ्यात जास्त खप मेनिंगोकॉकलच्या लसीचा. आपल्याकडे ती सरसकट कुणाला देत नाहीत, त्यामुळे तिचं नावही लोकांच्या तोंडात बसत नाही. "ती मेनिंगोची द्या," म्हणायचे. परदेशातल्या कॉलेजांना तिचा दाखला लागतो, कारण हा जंतू हॉस्टेलमध्ये रमतो. एका खोलीत झोपणं, एका बाटलीने पाणी पिणं, अंगावर खोकणं, एवढं त्याला पुरतं. चांगल्या धडधाकट मुलांच्या घशात तो महिनोन् महिने गुपचूप बसून असतो. मग एखाद्या दिवशी एखाद्याच्या रक्तात शिरतो.

तो रक्तात शिरला की काय होतं, हे मी पाहिलेलं होतं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. नोकरदार बायकांच्या हॉस्टेलमधली एक मुलगी सकाळी तापाने आणि डोकेदुखीने आली. स्वतःच्या पायांनी चालत आली, मला नाव सांगितलं, पाणी मागितलं. दुपारी तिच्या पोटऱ्यांवर जांभळे ठिपके उठले. बोटाने दाबले तरी ते फिके होईनात. संध्याकाळच्या ड्युटीची नर्स यायच्या आत मी तिच्या चेहऱ्यावर चादर ओढली होती. म्हणून या दवाखान्यात ती लस टोचताना माझा हात जरा जास्तच काळजीने चालायचा.

एकदा टोचली की जन्माचं झालं, असं लोकांना वाटतं. मी प्रत्येकाला सांगायचे की तसं नाही. या लसीचं बळ काही वर्षांनी ओसरतं. ज्या देशांनी तान्ह्या मुलांना ती आधी दिली, त्यांना पुढे कळलं की मुलं मोठी होईपर्यंत अंगातलं संरक्षण विरळ झालेलं असतं. मग त्यांनी पंधरा-सोळाच्या वयात पुन्हा द्यायला सुरुवात केली. त्यातून आणखी एक गोष्ट घडली. मोठ्या मुलांच्या घशातून जंतू हटला, तसा ज्यांनी लस कधीच घेतली नव्हती त्यांनाही तो कमी गाठू लागला. पोरांच्या दंडावरची सुई आज्यांच्या कामी आली. हे मला इस्पितळातल्या एका बालरोगाच्या मॅडमनी समजावलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. दवाखान्यात मी ते उत्साहाने सांगायचे. लोक मोबाईल बघत "हो हो" म्हणायचे.

मेअखेरीस मी आठ दिवसांची रजा घेऊन मालवणकडे पुतणीच्या लग्नाला गेले. जायच्या आधी डॉक्टरांशी थोडी कुरबुर झाली होती. जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून त्यांनी बाजारातून सुरमई आणि हलवा आणून लसींच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात भरला होता. घरच्या फ्रीजरला जागा नव्हती म्हणे. लसीच्या फ्रीजमध्ये पाण्याची बाटलीसुद्धा ठेवायची नसते, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत असणार. ते हसून म्हणाले, फ्रीजर वेगळा आणि खालचा कप्पा वेगळा. मी गप्प बसले. गाडीची वेळ झाली होती.

परत आले तेव्हा दवाखान्यात फिनेलचा घमघमाट होता. मासे गेले होते, फ्रीज आतून पुसलेला होता. माझं ऐकलं म्हणून मला बरंच वाटलं. तापमानाचा तक्ता माझ्या रजेच्या सगळ्या दिवसांचा भरलेला होता. चार, चार, पाच, चार. काउंटरवरच्या मुलीचं अक्षर. आमच्या थर्मामीटरला एक सोय होती. मधल्या काळात पारा जास्तीत जास्त किती चढला ते तो लक्षात ठेवतो. रोज सकाळी तो आकडा बघायचा आणि बटण दाबून पुसायचा, हा नियम. त्या सकाळी तक्ता भरलेला दिसला आणि मी आकडा न बघताच सवयीने बटण दाबलं.

जून म्हणजे आमचा हंगाम. ऑगस्टमध्ये उडणारी मुलं आई-बापांसकट यायची. त्यातलं एक कुटुंब गिरगावातलं होतं. वडील बँकेत अधिकारी, बोलणं अगदी पुस्तकी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मुलगी शांत, कानांत वायरी घातलेली. लस कुठली, किती दिवस टिकणार, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. शिक्का गोल लागतो, चौकोनी त्या कॉलेजला चालत नाही, हे मात्र मला तीनदा सांगितलं.

त्याच आठवड्यात आणखी एक गृहस्थ आले. तेही गिरगावातलेच, तिथल्या जुन्या ख्रिस्ती वाडीतले, गोदीतून निवृत्त झालेले फिटर. अकरा वर्षांपूर्वी जहाजाच्या शिडीवरून पडून त्यांची प्लीहा फुटली आणि ती काढून टाकावी लागली. प्लीहा नसलेल्या माणसाला हा जंतू फार लवकर आडवा करतो. म्हणून सर्जनने त्यांना ही लस दर पाच वर्षांनी घ्यायला सांगितली होती. जुन्या लसींची कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी बरोबर आणली होती. कुठे जाण्यासाठी नाही, गिरगावातच जगत राहण्यासाठी लस घ्यायला आलेला हा मला तिथे भेटलेला पहिला माणूस. पुढची कधी, हे विचारणाराही तोच. मी त्यांच्या डाव्या दंडात टोचली आणि कार्डावर पाच वर्षांनंतरचं साल लिहून दिलं.

जूनच्या शेवटी एके दिवशी लिफ्ट बंद होती, म्हणून मी जिन्याजवळ वॉचमनशी बोलत उभी राहिले. तो रत्नागिरीकडचा, गप्पिष्ट. बोलता बोलता म्हणाला, "ताई, मेमध्ये तुम्ही नव्हतात ते बरं झालं. केबल जळली होती. अडीच दिवस बिल्डिंगला लाईट नाही. तुमच्या दवाखान्यातून असला वास सुटला, मला वाटलं कोण मेलंय आत."

मासे सडले होते. ते त्यानेच पिशवीत भरून टाकले होते. माशांचं पाणी खालच्या कप्प्यात गळून लसींच्या खोक्यांवर साचलं होतं. हे सगळं तो मजेने सांगत होता. मेमधले अडीच दिवस, बंद खोली. दोन ते आठ अंशांत ठेवायच्या लसी त्या सडक्या उबेत बसून होत्या. आणि गेला महिनाभर मी लोकांच्या दंडात त्याच ढकलत होते.

काउंटरवरच्या मुलीला मी आत नेऊन विचारलं. ती लगेच रडायला लागली. खोकी फिनेलच्या फडक्याने पुसून पुन्हा आत लावायला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तक्ताही त्यांनीच भरायला लावला होता. तिचा मला राग आला नाही. मला आठवलं की एका खोक्याला वास येत होता आणि मी तो मोरीचा समजले होते. आठवलं की बटण मीच दाबलं होतं. मी बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. इतक्या वर्षांत स्वतःच्या हातांची घाण मला पहिल्यांदा वाटली.

डॉक्टर दुपारी आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नाकारलं नाही, घाबरलेही नाहीत.

"सिस्टर, ते काय दूध आहे का नासायला?" ते म्हणाले. "थोडी पॉवर कमी झाली असेल. तशीही ती काही वर्षांत कमी होतेच. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता."

माझंच वाक्य त्यांनी मला परत दिलं. वर म्हणाले की यातल्या एकालाही तो आजार होणार नाही आणि झालाच तर लसीला दोष देता येतो, कुठलीही लस पूर्ण संरक्षण देते असं कुणी लिहून दिलेलं नाही. हे बोलताना ते डब्यातली द्राक्षं खात होते आणि बिया नाजूकपणे टिश्यूत ठेवत होते. त्या बियांकडे बघून मला मळमळलं. वॉर्डात कुजलेले पाय धुतले तेव्हा असं झालं नव्हतं.

मी माझ्या जुन्या बालरोगाच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या की अशी लस टोचलीच नाही असं धरायचं आणि सगळ्यांना पुन्हा द्यायची, दुसरा मार्ग नाही. मग रजिस्टरमधून मी नावं आणि नंबर उतरवून घेतले. बाकीच्या लसी जूनमध्ये नव्याने आल्या होत्या; मेनिंगोकॉकलच्या त्या साठ्यातली एकोणीस माणसं निघाली. दोन दिवस घरात बसून मी एकेकाला फोन लावले. फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की लस बिघडलेली होती, ती मीच टोचली, माझी चूक झाली, कृपा करून दुसरीकडून पुन्हा घ्या.

मी शिव्या खायची तयारी केली होती. एकोणीस जणांत मला कुणीही शिवी दिली नाही. बहुतेकांनी एकच विचारलं, दाखला चालतोय ना? दाखला रद्द होणार नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज सैल व्हायचा. दादरच्या एका आईने तर माझे आभार मानले आणि हे कॉलेजला कळवू नका अशी विनंती केली. एकाने मला मध्येच थांबवून तो मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं. फोन ठेवला की मी उठून चूळ भरून यायचे. तोंडाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटायचं. डॉक्टर एकटे असते तर मी त्यांना नीच म्हणून मोकळी झाले असते. पण ते जे विकत होते तेच लोकांना हवं होतं. मध्ये ती लस उगाचच होती.

गिरगावचे बँकेतले गृहस्थ मात्र चिडले, तेही माझ्यावर. तुम्ही लोकांच्या मनात भीती घालता, म्हणाले. मुलीला एकदा टोचून झालं आहे, पुन्हा पुन्हा तिच्या शरीरात काही घालायची त्यांची इच्छा नव्हती. मी म्हटलं, निदान मुलीशी मला बोलू द्या. त्यांनी फोन ठेवला आणि डॉक्टरांना लावला. आता कामावर यायची गरज नाही, असं दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने मला कळवलं.

फिटर फोन उचलत नव्हते, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. लाकडी जिना, खाली तुळशीच्या कुंडीसारखा चुन्याने रंगवलेला क्रूस, वर दोन खोल्या. त्यांची बायको पाव कापत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बायकोच्या हातातली सुरी थांबली. ते खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिले. आता हा माणूस ओरडेल, असं मला वाटलं आणि त्याने ओरडावं असंही वाटलं.

"टोचली ती तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

"हो, मीच."

"आणि सांगायला पण तुम्हीच आलात." त्यांनी कार्डांची पिशवी काढून बघितली. मग म्हणाले, "माझी आधीची तर पाच वर्षांपूर्वीची. म्हणजे आज माझ्या अंगात काय हाय?"

मी खरं ते सांगितलं. थोडंफार असेल, नक्की कुणी सांगू शकणार नाही, पण भरवसा ठेवण्याएवढं नाही. त्यांना आडोसाही नव्हता. परदेशी जाणारी ती पोरं जिथे जाणार होती, तिथे आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतलेली. यांच्या बसमध्ये, देवळा-चर्चच्या गर्दीत, भाजीच्या रांगेत कुणीच घेतलेली नाही. त्यांना वाचवेल ते फक्त त्यांच्या दंडातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं परळच्या एका इस्पितळातल्या लसीकरण विभागात गेलो. तिथल्या नर्सने खोकं उघडण्याआधी मी फ्रीजचं तापमान बघायला मागितलं. ती वैतागली, पण तिने दाखवलं. सहा अंश. मग मी तिला जास्तीत जास्तीचा आकडाही दाखवायला लावला. फिटर बाही वर करता करता म्हणाले, "सिस्टर, उजवा हात देतो. डावा तुमच्याकडं वाया गेला." त्यांची बायको हसली. मला हसता आलं नाही. टोचून झाल्यावर अर्धा तास बाकावर बसायचं असतं, तसे आम्ही बसलो. त्यांनी डबा उघडून मला केकचा तुकडा दिला. तो मी खाल्ला.

नंतर मी आरोग्य खात्याकडे लेखी तक्रार केली. तपासणीला माणसं गेली तेव्हा म्हणे नवा फ्रीज होता, तक्ता भरलेला होता, उरलेला साठा संपलेला होता. काउंटरवरच्या मुलीने काही पाहिलं नसल्याचं सांगितलं. दवाखाना अजून चालू आहे. बाहेर परदेशी विद्यापीठांची नावं लावलेली पाटी आहे.

नोव्हेंबरात मी फिटरांकडे गेले होते. त्यांच्या बायकोने पोर्तुगीज पद्धतीचं लोणचं घातलं होतं, ते न्यायला बोलावलं होतं. परतताना बसस्टॉपवर ते बँकेतले गृहस्थ भेटले. मी ओळख दिली नसती, त्यांनीच दिली. मुलगी छान रुळली आहे, हॉस्टेल उत्तम आहे, सांगत होते. मग हसले आणि म्हणाले, "बघा, तुम्ही किती घाबरवलं होतंत. काही झालं का?"

त्यांच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. मुलगी सुखरूप आहे याचा मलाही आनंद होता, तो मी नाकारत नाही. पण त्या समाधानाची मला शिसारी आली.

"काही झालं नाही, कारण तिच्या हॉस्टेलमधल्या दुसऱ्यांच्या मुलांनी खरी लस घेतली आहे," मी म्हटलं. "तुमची मुलगी त्यांच्या जिवावर बरी आहे. आणि त्यांच्यातला प्रत्येक बाप तुमच्यासारखा निघाला, तर बरी राहणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या बुटांवर थुंकले. मग मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिले. मी पुढे म्हटलं की सुट्टीत ती आली की तिला घेऊन जा, अजून उशीर झालेला नाही, मी बरोबर येईन. त्यांची बस आली, ते चढले.

जानेवारीत त्या मुलीचा मला मेसेज आला. वडिलांचं माझ्याशी फोनवर झालेलं बोलणं तिने ऐकलं होतं आणि माझा नंबर निघण्याआधीच त्यांच्या फोनमधून घेतला होता. तिथल्या विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात तिने स्वतःच पुन्हा लस घेतली होती. दंड दुखतोय, हे नॉर्मल आहे का, एवढंच तिने विचारलं होतं. मी उत्तर लिहिलं की नॉर्मल आहे, दोन दिवसांत थांबेल, आणि तारीख कुठेतरी लिहून ठेव. पप्पांना सांगू नका, असं तिने खाली लिहिलं होतं. मी सांगितलेलं नाही.